लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकर गुणगुणतो, मोबाइल शेजारी ठेवला की डिर्र-डिर्र करतो. स्पीकर बदलावा का?

लगेच बदलू नका. तुमचं वर्णन वाचून मला तरी स्पीकर निर्दोष वाटतोय. शिवाय हे दोन वेगळे त्रास आहेत. एक तारेतून आत शिरतोय, दुसरा हवेतून. दोन्हींवर एकच उपाय शोधत बसलात तर पैसे जातील आणि आवाज तसाच राहील.

आधी एक तपासणी करून घ्या. गाणं बंद करा, स्पीकरचा व्हॉल्यूम नेहमीपेक्षा जरा वाढवा आणि ऑक्स केबल, म्हणजे लॅपटॉपचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारी तार, स्पीकरच्या बाजूने काढा. लॅपटॉपच्या बाजूने काढू नका, कारण मोकळी लोंबणारी पिन स्वतःच अँटेना होते, तिला नुसतं बोट लागलं तरी भुंगा सुरू होतो आणि निदान चुकतं. केबल काढल्यावरही गुणगुण राहिली, तरच दोष स्पीकरच्या आत आहे. बहुतेकदा पॉवर सप्लायचा जुना झालेला कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग) निघतो आणि दुरुस्ती करणारा तो बदलून देतो. आवाज थांबला तर केबल परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. तुम्ही लिहिलंय त्यावरून गुणगुण तिथेच गप्प होईल.

याचं कारण असं. ऑक्सच्या तारेत डावा आणि उजवा आवाज नेणाऱ्या दोन तारा असतात आणि तिसरी असते ती ग्राउंडची, बऱ्याचदा बाहेरून जाळीसारखी गुंडाळलेली. स्पीकर आवाजाचं माप या ग्राउंडच्या तुलनेत घेतो. लॅपटॉप चार्जरवर आणि स्पीकर स्वतःच्या प्लगवर असला की दोघंही विजेच्या लाइनला जोडले जातात, वर ऑक्सची तार त्यांना आपसांत जोडते. झालं वर्तुळ पूर्ण. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्या जाळीतून किंचितसा जरी नको असलेला प्रवाह वाहिला तरी स्पीकरला तो आवाजच वाटतो आणि तो इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. म्हणून ती गुणगुण विजेच्या तालात येते: लाइन 50 हर्ट्झची असेल तर 50 किंवा 100 हर्ट्झ. दोन पिनांच्या चार्जरमध्येही हा प्रकार होतो. त्यातला एक छोटा कपॅसिटर लाइनकडचा थोडासा प्रवाह लॅपटॉपच्या बाजूला झिरपू देतो. धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवताना कधी कधी झिणझिण्या येतात, त्या यामुळेच.

उपाय स्वस्तापासून सुरू करा. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. वेगवेगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगमधला फरक त्याने कमी होतो. तेवढ्याने भागलं नाही तर ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्या लहानशा डबीत प्रत्येक चॅनेलसाठी एक ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेची थेट जोडणी मात्र तुटते. अगदी स्वस्तातल्या डब्या खालचा बेस थोडा खातात, हे गृहीत धरा.

एक इशारा. अर्थची जाड पिन तोडायचा किंवा तिला टेप गुंडाळायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. गुणगुण जाते खरी, पण ती पिन शॉकपासून वाचवण्यासाठी आहे. हा उपाय करायचाच नाही.

तुमचा स्पीकर यूएसबीवर चालणारा असेल तर गोष्ट थोडी बदलते. तो पॉवर लॅपटॉपच्या यूएसबीतून घेतो आणि आवाजही त्याच लॅपटॉपच्या ऑक्समधून, म्हणजे लूप तिथल्या तिथेच होतो. मग गुं ऐवजी बारीक चिरचिर येते, आणि गंमत म्हणजे माउस हलवला किंवा पान वरखाली केलं की तिचा सूर बदलतो. अशा वेळी यूएसबीची पिन पॉवर बँकेत लावून बघा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

आता मोबाइलचा डिर्र-डिर्र. हा टू-जी नेटवर्कचा आवाज. त्यात फोन सलग बोलत नाही, 8 जणांनी वाटून घेतलेल्या वेळेत आपली पाळी आली की सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता रेडिओ चालू करतो आणि गप्प बसतो. असं सेकंदाला सुमारे 217 वेळा. रेडिओ लहरी आपल्याला ऐकू येत नाहीत, पण 217 हर्ट्झची ही चालू-बंद कानाच्या टप्प्यात येते. ऑक्सची तार ती पकडते, ॲम्प्लिफायरचा पहिला ट्रान्झिस्टर तिचं आवाजात रूपांतर करतो. म्हणूनच कॉल यायच्या क्षणभर आधी स्पीकर कुरकुरतो. फोर-जीवर हा आवाज सहसा येत नाही. तुमच्याकडे येतोय म्हणजे कमकुवत सिग्नलमुळे फोन टू-जीवर घसरत असावा. सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार तपासा, फोन स्पीकर आणि तार दोन्हींपासून हातभर लांब ठेवा, आणि ऑक्सची तार गरजेपुरतीच लांब घ्या. इथे आयसोलेटरवर भिस्त ठेवू नका, कारण हा त्रास लूपचा नाहीच.

तारेवरून आवाज ऐकताना लॅपटॉपचा व्हॉल्यूम 80-90 टक्क्यांवर आणि स्पीकरचा कमी ठेवा. आपण बरोबर उलट करतो, आणि मग स्पीकर गाण्यासोबत तारेतला कचराही वाढवून देतो.

ब्लूटूथ लावलं तर ऑक्सच जाते, त्यामुळे लूपही जातो. फक्त त्याची दुखणी वेगळी आहेत: व्हिडिओत ओठ आणि आवाज किंचित मागेपुढे होऊ शकतात, आणि जवळ 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय जोरात चालू असेल तर गुणगुण न येता आवाज मध्येच तुटतो. वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेलं की ते बरंचसं थांबतं.