केलाँगच्या उतारावरचे जुनिपर

प्रश्न: ताई, जूनमध्ये आम्ही अटल बोगद्यातून हिमाचलमधल्या लाहौलला गेलो होतो. तिथल्या केलाँग गावाच्या वरच्या उतारावर जुनिपर ही सदाहरित सूचिपर्णी झाडे दिसली, पण एकेक झाड दुसऱ्यापासून दहा-पंधरा पावलांवर, मध्ये नुसते दगड. हे जंगल संपत आले आहे का? मधे रोपे लावून दाट करता येईल का? आणि एखादे रोप आपल्याकडे जगेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: झाडे विरळ आहेत म्हणून घाबरू नका. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, तसे लाहौल पीरपंजाल पर्वतरांगेच्या. मोसमी ढग डोंगराच्या अलीकडच्या बाजूलाच बरसून जातात आणि तिथल्या झाडाची तहान मुख्यतः वितळणाऱ्या बर्फावर भागते. तेवढ्या ओलीवर जगायचे तर मुळांना बरीच जमीन लागते. तुम्हाला रिकामी वाटलेली जागा खालून बहुतेक व्यापलेली असते. म्हणून मधे रोपे खोचू नयेत. ती म्हाताऱ्या झाडांच्याच पाण्यात वाटेकरी होतील. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हिवर आणि बोरी अशाच लांब लांब उभ्या असतात. त्या उघड्या गवतामुळेच तर तिथे माळढोक राहिला. तोही माळ ‘ओसाड’ म्हणून झाडांनी भरून टाकावा असे कुणी म्हणाले की मला फार वाईट वाटते.

जंगलाची तब्येत कळते ती वयांवरून. वनस्पतीशास्त्र शिकवताना मी मुलांना आधी टेप हातात द्यायची: जमिनीपासून 1.37 मीटरवर प्रत्येक खोडाचा घेर मोजा आणि गट पाडा. निरोगी रानात हे आकडे उतरंडीसारखे लागतात. तळाशी बारीक खोडे भरपूर, वर जाड खोडे मोजकी. मात्र कोरड्या उतारावर जुनिपर इतका सावकाश वाढतो की मनगटाएवढे खोडही कित्येक दशकांचे असू शकते, त्यामुळे घेरावरून वय ठरवताना जपून. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लाहौलच्या जुनिपरमधली वाढवलये मोजली, ती हजार वर्षांहून मागे जातात.

काळजी करायची ती उतरंडीचा तळच नसेल तर. जाड खोडे दिमाखात उभी आणि गुडघाभर उंचीचे रोप कुठेच नाही, असे रान वरून कितीही हिरवे दिसो, त्याला वारस नाही. जुनिपरचे बी कठीण कवचाचे, बरेचसे पोकळ किंवा किडलेले निघते. पक्षी निळसर फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दूर पडते. पण ते रुजून टिकते ते बहुधा एखाद्या झुडपाच्या किंवा मोठ्या जुनिपरच्या सावलीत, उघड्या दगडात क्वचितच. त्यात उन्हाळ्यात मेंढ्या-शेळ्या कोवळे शेंडे खुडतात, सरपणाला आणि धुपाला फांद्या तुटतात. तिथे खरी मदत करायची असेल तर चराई काही वर्षे थांबवून झुडपे राखावी लागतील. लडाखमध्ये हेमिस शुक्पाचन गावाने आपली जुनिपरची देवराई श्रद्धेने सांभाळली आहे. ही झाडे तिथे ‘शुक्पा’ म्हणून ओळखली जातात आणि गावाच्या नावातही आहेत.

पुन्हा गेलात तर झाडाखाली वाकून रोपे शोधा. आणि उत्तरेकडे तोंड असलेला उतारही पाहा. तिथे बर्फ जास्त दिवस टिकतो, म्हणून झाडेही सहसा दाट असतात.

रोप मात्र आणू नका. बर्फात वाढणाऱ्या त्या झाडाला आपला मे महिना सोसणार नाही. रोपवाटिकेत ‘जुनिपर’ म्हणून मिळते ते बहुधा चिनी जातीचे, शोभेचे. अंगणात जागा असेल तर बोर लावा.