पहिली बाईक 125 सीसीची घेऊ की घरचे म्हणतात तशी "एकदाच मोठी"?

प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण तुमच्या घरी जे वाक्य बोललं गेलंय ना, "घ्यायचीच तर एकदाच मोठी घे, परत परत खर्च नको", ते मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसतं वाचलं तरी डोकं तापतं. तुम्ही लिहिलंय की उंची पाच फूट दोन इंच, गिअरची गाडी कधी हातात घेतली नाही, रोज कामावर जायला हवी आणि सुट्टीत कधीतरी लांब. 125 की 350 सीसी, म्हणजे इंजिन लहान की मोठं. माझं उत्तर, हलकी घ्या. 125, फार तर 150-160. मोठी नंतर घ्या, हवी तेवढी मोठी घ्या.

आमच्याकडे गाड्यांचा विषय निघाला की शेवटचा शब्द दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. माणूस चांगला, माझ्यावर जीव आहे त्यांचा, गाडीही सुरेख चालवतात. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात थोडा राग येणार. मी बाईक शिकायचं काढलं तेव्हा ते म्हणाले, छोटी घेतलीस तर वर्षभरात कंटाळशील, माझ्याच गाडीवर शीक, मोठ्या गाडीवर एकदा हात बसला की कुठलीही चालवशील. त्यांची गाडी दोनशे किलोच्या आसपासची, आणि माझी उंची तुमच्यापेक्षाही इंचभर कमी.

मोकळ्या मैदानावर गेलो. मी बसले तर दोन्ही पायांची फक्त बोटं टेकत होती, टाचा हवेत. क्लचचा लिव्हर हँडलपासून इतका लांब की त्यावर माझ्या बोटांची शेवटची पेरंच पोचायची, पूर्ण दाबायचा तर मनगट वाकडं करावं लागायचं, आणि ज्याने कधी क्लच सोडलाय त्याला माहितीय की हाफ क्लचचा, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी हळू पुढे काढायचा, सगळा खेळ लिव्हरच्या त्या जेमतेम इंचभर हालचालीत असतो, तिथेच बोटांना जोर नसेल तर गाडी एकतर झटका खाते नाहीतर बंद पडते. तरी सरळ रेषेत चालवली मी. दुसरा गिअर टाकला, छान गेली, कारण गाडीने एकदा वेग घेतला की वजन जाणवतच नाही. फसवतं ते इथेच. शोरूममध्ये आणि मित्राच्या मागे बसून जी गाडी "काही जड नाही गं" वाटते ती चालत्या वेगातली गाडी असते. सिग्नलला थांबताना, यू-टर्न घेताना, पार्किंगमधून मागे ढकलताना जी भेटते ती वेगळीच असते.

तर वळायची वेळ आली. हँडल उजवीकडे पुरतं वळवलेलं, वेग माणूस चालतो तेवढा, आणि दाजी मागून ओरडले, "ब्रेक! ब्रेक!" अशा वेळी हात आपोआप पुढचा ब्रेक आवळतो. हँडल वळलेलं असताना कमी वेगात पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक जागच्या जागी थांबतं, मागचं सगळं वजन पुढे सरकतं आणि गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कलंडायला लागते. थोडी कलेपर्यंत धरता येते, त्याच्या पुढे नाही, मग तुम्ही पैलवान असा. आणि ती तेवढी कलायच्या आत तुमचा पाय जमिनीवर पक्का रोवलेला असायला लागतो. माझा पाय बोटांवर होता, आणि त्या बाजूला जमीन जराशी खोलगट. पडली. लेग गार्ड होता म्हणून घोटा वाचला, टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं, आरसा फिरला. दाजींनी गाडी उचलली, टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुला नाही झेपायचं हे. स्कूटर घे."

त्यानंतर घरात चार लोक जमले आणि गाडीचा विषय निघाला की "हिला झेपली नाही" हे ठरलेलं. मी दरवेळी सांगायचे की अहो, कलती गाडी धरायला पाय टेकायला लागतो, लिव्हरला बोटं पोचायला लागतात, यात हिंमतीचा संबंध कुठे आला? ऐकून घ्यायचे आणि हसायचे.

मला शिकवलं ते माझ्या ऑफिसमधल्या सीनियर मॅडमनी. त्यांची जुनी 125, वजन 115 किलोच्या आसपास, मीच पुढे त्यांच्याकडून ती विकत घेतली. त्यांनी सुरुवातीला इंजिन चालूच करू दिलं नाही. गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलत फिरव, डावीकडे वळव, उजवीकडे वळव, मागे घे, मेन स्टँडवर चढव, उतरव. मग गवतावर गाडी चक्क आडवी ठेवली आणि म्हणाल्या आता उचल. पद्धत अशी: आधी इग्निशन बंद, गाडी गिअरमध्ये असू दे म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेव, नाहीतर उचलता उचलता पलीकडे जाईल. मग गाडीकडे पाठ करायची, बूड सीटला टेकवून खाली बसायचं, एका हाताने खालच्या बाजूची हँडलची मूठ, दुसऱ्याने मागचा ग्रॅब रेल (मागे बसणाऱ्याने धरायचा दांडा) नाहीतर फ्रेमचा पक्का भाग धरायचा, पाठ ताठ ठेवायची आणि मांड्यांच्या जोरावर बारीक पावलं टाकत मागे मागे जायचं. गाडी उभी राहिली तेव्हा मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. तो आनंद मला नंतर कुठल्याच घाटात मिळाला नाही, खरंच सांगते. पुढे हाफ क्लच, आठचा आकडा काढणे, वळताना नजर चाकाजवळ न ठेवता जिथे जायचंय तिथे ठेवणे आणि संथ वेगात फक्त मागचा ब्रेक हळूच वापरणे. हे सगळं त्या हलक्या गाडीवर बसलं कारण चुकलं तरी पायाने सावरता येत होतं, आणि सावरता आलं की माणूस परत करून बघतो. जड गाडीवर एकदा पडलेला माणूस परत करून बघत नाही, तो वळणं टाळायला लागतो.

आता तुमच्या सीसीच्या प्रश्नाकडे. सीसी बघून पहिली गाडी ठरवू नका, तो आकडा नवख्याला काहीच सांगत नाही. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 घ्या, ताकद साधारण 20 बीएचपी, वजन 195 किलो. केटीएमची 390 ड्यूक, सीसी जवळपास तेवढेच, ताकद 40 च्या वर आणि वजन बरंच कमी. एक शांत पण जड, दुसरी हलकी पण मनगट जरा जास्त फिरलं तर नवख्याच्या हातातून निसटेल अशी, आणि कागदावर दोघी शेजारी शेजारी. म्हणजे बघायचं काय? वजन, सीटची उंची, थ्रॉटलचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीचा, स्वभाव आणि लिव्हर बोटांना पोचतो का. सीटच्या उंचीतही नुसते मिलिमीटर वाचू नका. 780 ची रुंद सीट मांड्या फाकवते आणि 800 ची अरुंद सीट पाय सरळ खाली सोडते, तेव्हा बसूनच बघायला लागतं. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असंही नाही. हलक्या गाडीवर एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याची बोटं टेकली तरी पुरतं. आणि कुणी म्हणालं की जड गाडी घे, आपण सस्पेन्शन खाली करून देऊ, तर पहिल्या गाडीत ते करू नका, त्याने वळण्याचा स्वभाव बदलतो, जमिनीपासूनचं अंतर कमी होतं, आणि वजन आहे तेवढंच राहतं.

"घरच्याच माणसाकडून शीक, क्लासला कशाला पैसे" हेही तुम्हाला ऐकायला मिळेल, मला मिळालं. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिसमधले 900 मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, 1981 मध्ये त्याचा अहवाल आला. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी 92 टक्के लोक एकतर स्वतःच शिकलेले नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. दुसरं त्यात असं आढळलं की ऐनवेळी बरेच जण मागचा ब्रेक जास्त दाबून चाक लॉक करत होते आणि पुढचा, ज्याच्यात थांबवायची खरी ताकद असते, तो पुरेसा वापरतच नव्हते. जुना अहवाल आहे, पण मी तो दाजींना वाचून दाखवला होता. ते म्हणाले तिकडचं वेगळं. पुढच्या चाकावर वजन येण्याचं शास्त्र इकडे-तिकडे वेगळं नसतं, एवढंच मी म्हणाले आणि विषय संपला. संपला म्हणजे त्यांनी संपवला.

आणि ते "परत परत खर्च". सेकंडहँड 125 घ्या, वर्ष-दोन वर्षं चालवा, विका. अशा गाड्यांना गिऱ्हाईक कायम असतं आणि आधीच जुनी घेतलेली असल्याने किंमत फार पडत नाही. नवी कोरी मोठी गाडी शिकताना आडवी झाली तर आरसा, इंडिकेटर, लिव्हर, टाकीला पोचा, हिशोब करा म्हणावं घरच्यांना. जुनी घेताना पुढच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या शॉक-अब्सॉर्बरच्या दोन नळ्या) तेलाचा ओघळ आहे का बघा, मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे, दात एका बाजूला वाकून टोकदार झालेत का बघा, आणि टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते ती वाचा, 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा. टायर कितीही गुळगुळीत न झालेला दिसला तरी जुना असेल तर बदला. वाचलेल्या पैशात चांगलं हेल्मेट आणि ग्लोव्हज घ्या.

थांबा, एबीएसचं राहिलं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. ती असलेली गाडी शक्यतो घ्याच, निदान पुढच्या चाकाला तरी. 125 मध्ये बऱ्याचदा मिळत नाही, तेवढ्यासाठी 150-160 कडे गेलात तर माझी हरकत नाही. पण साधं एबीएस सरळ गाडीसाठी आहे, वळणात झुकलेली गाडी ते वाचवेलच असं नाही. आणि तुमचं रोजचं जाणं मोठ्या महामार्गावरून, ट्रकांच्या मधून असेल तर 125 ओव्हरटेकला कमी पडते हे मान्य, तेव्हाही 160 बघा. सहा फुटी, तगडा माणूस असेल तर माझं अर्धं उत्तर त्याने सोडून द्यावं.

मी स्वतः आज 350 चालवते. दाजी म्हणतात, "बघ, शेवटी मोठीच आवडली ना, तेव्हाच सांगत होतो." मी ती चालवू शकते ती 125 वर शिकले म्हणून, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय आणि इथेही लिहून ठेवते. आता माझी भाची शिकायच्या वयाची झालीय आणि घरात परत तेच वाक्य सुरू झालंय, तिला मी माझ्या मॅडमसारखंच शिकवणार, दाजींना आवडो न आवडो.

तुम्ही शोरूममध्ये जाल तेव्हा रोज जे बूट घालणार तेच घालून जा. सोबत घरचं कुणी आलं तर येऊ दे, फक्त तुम्ही सीटवर बसल्यावर त्यांना आणि सेल्समनला गाडी सोडून दोन पावलं मागे उभं राहायला सांगा. मागून कुणी धरलेली असली की वजन कळतच नाही. मग स्टँड काढा, गाडी थोडी डावीकडे झुकवून परत सरळ करा, नंतर उजवीकडे.