सासूबाईंचं कपाळ आणि चारचौघांची मतं

पत्र :
ताई, सासरे जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून सासूबाईंनी कुंकू लावलेलं नाही. आता धाकट्या दिराचं लग्न आहे आणि चुलत सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलंय, 'औक्षणाला जाऊबाई पुढे नकोत.' मी ठरवलंय, हळदीच्या दिवशी सगळ्यांसमोर मीच सासूबाईंना कुंकू लावणार. नवरा म्हणतो, तमाशा नको. सासूबाई म्हणतात, 'मला नको गं, तसंही कपाळाला खाज येते.' घाबरून बोलतात, मला कळतं ना. मी बरोबर करतेय ना?
– एक सून

उत्तर :
राग बरोबर, बेत चुकीचा.

ज्या बाईचं कुंकू एकदा चारचौघांनी मिळून काढलं, तिला ते पुन्हा चारचौघांच्या देखत, न विचारता लावायचं? तेव्हाही त्यांना कुणी विचारलं नसणार. हळदीच्या मांडवात पन्नास नजरा कपाळावर असताना त्या 'नको' म्हणाल्या तर तुमचा अपमान, आणि गप्प बसल्या तर लग्न होईपर्यंत कुजबुज ऐकायची त्यांनी. तुम्ही दोन दिवसांनी कामाला लागाल. भाऊबंदकीत राहायचंय त्यांना.

आता चुलत सासूबाईंचं. कुंकू नवऱ्याबरोबर येतं आणि त्याच्याबरोबर जातं, असं त्यांचं म्हणणं दिसतं. पण आपल्याकडे पाळण्यातल्या मुलीलाही कुंकू लावतात. शाळेत जाणारी मुलगी लावते, कुमारिका लावते. तुमच्या सासूबाई लग्नाआधी दहा-पंधरा वर्षं तरी लावत असतील. लग्नात मिळालं ते मंगळसूत्र आणि जोडवी. कुंकू त्या माहेराहून लावूनच आल्या होत्या. आणि बायको गेलेला पुरुष पूजेला बसला की गुरुजी त्याच्या कपाळाला कुंकवाचा टिळा लावतातच. तिथे कुणाच्या भुवया वर जात नाहीत.

शिवाय कुंकू काय फक्त बाईच्या कपाळापुरतं आहे? तुमच्या दिराच्या लग्नपत्रिकेला पहिली बोटं हळदी-कुंकवाची लागली असतील. अक्षता कुंकवात रंगवतात, दिवाळीला चोपडीवर स्वस्तिक कुंकवाचं, गौरी आल्या की उंबऱ्यापासून पावलं कुंकवाची, देवीला कुंकुमार्चन. नवी गाडी घरी आली तर तिलाही लावतो आपण! मंगल म्हणून सगळीकडे चालतं आणि मुलाच्या आईला तेवढं चालत नाही, हे मला कधी पटलेलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. चुलत सासूबाईंना 'गावात लोक काय म्हणतील' याची काळजी असेल तर हे त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही. गावंच्या गावं बदलली असं मी म्हणणार नाही, ठराव करून मनं बदलत नाहीत. पण विषय काढायला आधार होतो.

आणि ती खाज. तुम्ही ती बहाणा समजलात. मी समजणार नाही. जुनं कुंकू हळदीचं असायचं. हळकुंडं दळायची आणि चुना किंवा टाकणखार घालून तिला लाली आणायची. क्षार लागला की हळद लाल होते. (चुन्याने लाल झालेल्या हळदीवर लिंबू पिळून बघा, पुन्हा पिवळी पडते.) सोलापूर जिल्ह्यातलं केम या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. पण आज बाजारात मिळणारं सगळंच लाल हळदीचं नसतं. कृत्रिम रंग घातलेल्या कुंकवाने कपाळाला पुरळ उठतं, कातडी काळवंडते. टिकलीची तऱ्हा वेगळी. काही टिकल्यांच्या गोंदातल्या एका रसायनाने बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. तेव्हा आधी त्यांचं कपाळ उजेडात नीट बघा. डाग किंवा पुरळ असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर कुणीच काही लावू नका. कपाळ स्वच्छ असेल तर चांगल्या हळदीचं कुंकू आणून कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून दोन दिवस थांबा.

यानंतर विचारायचं. लग्नघर भरायच्या आत, दोघीच असताना. 'लावा ना' म्हणू नका, त्यात आग्रह आला. 'तुम्हाला आवडायचं का हो लावायला?' एवढंच विचारा आणि मग त्यांना बोलू द्या. कदाचित त्या सासऱ्यांबद्दल बोलतील, कुंकवाबद्दल नाही. दीड वर्षात त्यांना नीट रडायला मिळालंय का, हेही मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. नवऱ्याच्या आठवणीपायी स्वतःहून न लावणारी बाई असते, आणि जनरीतीपायी न लावणारीही असते. त्यांची त्यांनाच माहीत. दोन्हीत तुम्ही त्यांच्या बाजूला उभ्या राहायचं आहे.

'हो' म्हणाल्या तर करंडा आणि आरसा त्यांच्या हातात द्या. स्वतःच्या हाताने लावू देत, हळदीच्या आधीच, रोजच्या दिवशी. मांडवात येईपर्यंत घरच्यांच्या डोळ्यांना सवय झालेली असेल.

'नाही' म्हणाल्या तर विषय संपला. औक्षणाचा मात्र नाही. मुलाला ओवाळायचा हक्क आईचा आहे, तिच्या कपाळावर काही असो वा नसो. निरांजनाचं ताट पहिल्यांदा त्यांच्याच हातात जाईल, हे घरात आधी ठरवून टाका आणि नवऱ्या मुलालाही सांगून ठेवा. तो स्वतः म्हणाला, 'आधी आई ओवाळेल,' तर मांडवात वाद घालायला कोण पुढे येतंय?

चुलत सासूबाईंशी बोलायचं काम तुमच्या नवऱ्याकडे द्या. काकू त्यांची आहे. 'तमाशा नको' म्हणून त्यांना बाजूला होता येणार नाही. लग्नाच्या आठ दिवस आधी काकूकडे जाऊन, चहा घेत, 'आईच ओवाळणार आहे' असं शांतपणे सांगून आले की तमाशा होतच नाही. तुम्ही सोबत जाऊ नका. सुनेने शिकवलं म्हणायला त्यांना निमित्त कशाला?