सागवानाची युकुलेली घरी बनवता येईल का, आणि फिनिश लाखेचं द्यावं की पीयूचं?

येईल. आणि लाखेचं.

तुम्ही लिहिलंय की घरी जुन्या घराच्या सागवानी फळ्या पडून आहेत, युकुलेली, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, बनवाल का असं शिरपूरच्या सुताराला विचारलं तर तो म्हणाला हे कंपनीतच बनतं, आणि बनवलंच तर वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा थर, मारून घ्या, लाख आता कोणी लावत नाही. हेच वाक्य मी माझ्या धाकट्या भावाकडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहायला बसावंच लागलं.

आधी ते 'कंपनीतच बनतं' बघू. 1879 साली ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर घेऊन होनोलुलूला पोचलं, उसाच्या मळ्यात काम करायला आलेली माणसं. त्यात मानुएल नुनेस, ऑगस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो असे तिघं होते आणि हे तिघंही लाकूडकाम करणारे, फर्निचरवाले. मळ्याचा करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं टाकली आणि मदेराकडच्या छोट्या माशेत नावाच्या वाद्यावरून तिथल्या कोआ लाकडात जे बनवायला घेतलं ती युकुलेली. म्हणजे हे वाद्य जन्मालाच फर्निचरवाल्यांच्या हातून आलंय. ते कोआ लाकूडसुद्धा काही आभाळातून पडलेलं नाही, आपल्या बाभळीच्याच गोतातलं झाड आहे. तिथल्या सुतारांनी तिथलं लाकूड घेतलं, तर इथल्याने इथलं घेतलं तर काय बिघडलं?

आता माझं. माहेर अमळनेरचं, आबांचं फर्निचरचं दुकान होतं, मी बँकेत नोकरी करते पण पॉलिशचं काम आबांनी मला शिकवलं, भावाला नाही, कारण त्याला तेव्हा त्यात रस नव्हता. चपडा, म्हणजे पातळ चकत्यांची लाख, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, सकाळी मलमलमधून गाळायची, कापसाचा बोळा जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधायचा आणि काम झालं की तो बोळा झाकणाच्या डब्यात बंद, नाहीतर कडक होतो. आबा गेल्यावर दुकान भावाकडे गेलं, त्याने कॉम्प्रेसर आणला, स्प्रे गन आणली, आणि चपड्याच्या बाटल्या भंगारात दिल्या. तो बोळ्याचा डबा मी उचलून धुळ्याला आणला. त्याचा धंदा वाढला, ते चांगलंच झालं, किचनच्या ट्रॉल्यांना आणि वॉर्डरोबला पीयूच लागतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते वाद्याबद्दल.

मुलीला युकुलेली हवी होती. बाजारातली घेऊन दिली असती, पण आजीचं धाब्याचं घर पाडलं तेव्हाच्या सागवानी फळ्या दुकानाच्या माळ्यावर होत्या. ते लाकूड इतकं वाळलेलं होतं की बोटाने वाजवलं तरी लांबपर्यंत घुमायचं, आणि रेषा अगदी उभ्या, सरळ, एकमेकींना लागून. असं लाकूड आज पैसे देऊन मिळत नाही. मी भावाला म्हटलं मला दुकानाची बँडसॉ, म्हणजे पट्ट्याची करवत, रविवारी वापरू दे. तो म्हणाला, "ताई, तू बँकमा नोकरी करस ना, मंग हाई कसाले करी ऱ्हायनी?" आणि मग तेच, कंपनीतच बनतं.

मी कॉन्सर्ट साइजची बनवली, सुरुवातीला तीच बरी, त्याहून लहान सोप्रानो हातात फार बारीक पडते आणि फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, इतके जवळजवळ येतात की चूक लगेच कानाला कळते. तारेची लांबी 15 इंच म्हणजे 381 मिमी. पहिल्या फ्रेटसाठी या लांबीला 17.817 ने भागायचं, 21.4 मिमी येतं, मग उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागायचं, असं शेवटपर्यंत. बारावा फ्रेट बरोबर मधोमध, 190.5 वर आला पाहिजे, नाही आला तर मधे कुठेतरी हिशेब चुकलाय. प्रत्येक माप नटपासून, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, घ्या, मागच्या फ्रेटपासून पुढचं असं मोजत गेलात तर बारीक बारीक फरक साठत जातो. सॅडल, म्हणजे खाली बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी, मात्र 381 वर नाही, दीड-दोन मिमी मागे, कारण तार दाबली की ताणते आणि सूर चढतो.

पुढची फळी मी दोन मिमीच्या जराशी खाली आणली, बाजूच्या पट्ट्या दीड मिमी. इथे फर्निचरवाल्या सुताराचा हात अडतो, कारण तो जन्मभर 19 मिमीच्या बोर्डवर काम करतो आणि त्याला दोन मिमी म्हणजे मोडकं वाटतं. माझा भाऊही म्हणाला तुटेल. नाही तुटत, आतून पाइनच्या उभ्या चिपा लावतो ना आपण, तेवढा आधार चार तारांच्या ताणाला पुरतो. बाजू वाकवायला लोखंडी पाइप आतून तापवायचा, पट्टी ओली करायची आणि घाई न करता दाबत न्यायची, लाकूड ऐकायला लागलं की हाताला कळतं. सागाला दोन गोष्टी लक्षात ठेवा: त्यात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या अगदी आधी जोड स्पिरिटने किंवा ॲसिटोनने पुसायचा, तासाभरापूर्वी पुसलेला चालत नाही, तेल परत वर येतं. आणि त्याने रंधा लवकर बोथट होतो, धार लावायचा दगड शेजारीच ठेवा. पावडर नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, सागाची धूळ बऱ्याच जणांना खाजते.

आता मुद्दा. एकाच फळीतून मी दोन बॉडी काढल्या होत्या, एक मुलीला, आणि दुसरी मुद्दाम, भावाचं आणि माझं कायमचं मिटावं म्हणून. दोन्ही एकाच जाडीच्या, एकाच आठवड्यात चिकटवलेल्या. एक त्याला दिली, म्हटलं तू तुझ्या पद्धतीने कर. त्याने सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा खालचा थर, मारला, घासला, परत सीलर, मग पीयूचे ग्लॉसी कोट, आणि खोटं कशाला बोलू, आरशासारखी आली. दुकानात ठेवली तर येणारा प्रत्येक माणूस हात लावून बघायचा. माझी लाखेची, तिला तसा आरसा नाही, पण साग आतून पेटल्यासारखा तांबूस दिसायला लागला.

तारा लावायच्या आधी मी दोन्ही बॉडी भोकाच्या कडेला दोन बोटांत हलक्या धरल्या आणि पुलाच्या, म्हणजे तारा बांधतात त्या ठोकळ्याच्या, जागी बोटाच्या पेराने वाजवल्या. लाखेची टण्ण करून घुमली. पीयूची टप. त्याच फळीची! फिनिशच्या आधी दोन्ही सारख्याच वाजत होत्या, ते मी त्यालाही ऐकवलं होतं. तारा लावल्यावर ए तारेवर पाचव्या फ्रेटला सूर काढला तर माझ्या युकुलेलीत तो रेंगाळायचा आणि त्याच्या युकुलेलीत लगेच विझायचा. त्यात जादू काही नाही. फर्निचरवर मारतात तसा पाव मिलिमीटरचा थर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दोन मिलिमीटरच्या फळीवर तो आठवा हिस्सा झाला, आणि तो लाकूड नाहीये, प्लास्टिक आहे, ते हलायच्या ऐवजी हलणं गिळतं. टेबलाला त्याचं काय, टेबल कुठे वाजतं.

भावाला फरक ऐकू आला, तो नाही म्हणाला नाही. पण त्याचं म्हणणं, "गिऱ्हाईक डोयाघाई लेस, कानघाई नही." मी म्हणते कपाटाचं गिऱ्हाईक घेत असेल डोळ्यांनी, वाद्याचं घेत नाही. आबांनी तुणतुण्याच्या दांड्या आणि भजनीमंडळाच्या वीणेलासुद्धा चपडाच लावला, आणि ती वीणा आजही आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात वाजते. दरवर्षी आषाढीच्या आधी कोणीतरी येऊन वरून एक हात मारून जातं, बस. हे लाखेचं मोठेपण आहे, नवा थर जुन्या थरात विरघळतो, चरा पडला तर तेवढ्या जागी बोळा फिरवला की जुळून येतो. पीयूला चरा पडला की सगळं घासून काढा. आणि लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची, सातपुड्यात पळस किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. जगभरचे गिटार बनवणारे उत्तम क्लासिकल गिटारला हेच फ्रेंच पॉलिश म्हणून लावतात आणि आपण ते भंगारात देतो, याचा मला खरंच त्रास होतो.

कृती सांगते. घासायचा पेपर 120, 180, 240, 320 नंबरचा, या क्रमाने, कायम रेषेच्या दिशेने. पुलाची जागा आणि फिंगरबोर्ड टेपने झाका, पूल कोऱ्या लाकडावरच चिकटतो, पॉलिशवर चिकटवलेला पूल एक दिवस हातात येतो. चपडा घेताना मेण काढलेला घ्या, 100 मिली स्पिरिटला 20 ग्रॅम, आणि लागेल तेवढाच बनवा, फार जुनं मिश्रण वाळतच नाही, चिकट राहतं. सागाची छिद्रं मोठी, ती प्युमिस पावडर (ज्वालामुखीच्या दगडाची बारीक पूड) आणि बोळ्याने भरून घ्या. मग पातळ पातळ हात, गोल आणि इंग्रजी आठच्या आकारात, बोळा अडकायला लागला तर खाली तेलाचा एक थेंब, आणि बोळा पृष्ठभागावर कधीही थांबवायचा नाही, विमान उतरतं तसा टेकवायचा आणि तसाच उचलायचा. थांबला की खालचा थर उचलला जातो. एका दिवसात उरकायला जाऊ नका. सगळं झाल्यावर दोन आठवडे टांगून ठेवा. खोलीत गॅस पेटलेला नको आणि खिडकी उघडी हवी, स्पिरिट आहे ते.

मोसमाचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात लाख लावायची नाही, हवेतल्या ओलीने पांढरट धुकं चढतं. आणि बॉडी तर पावसाळ्यात चिकटवायचीच नाही. ओल प्यायलेली फळी चिकटवली आणि मग आपला मे महिना आला, 44-45 डिग्री, हवेत पाण्याचा अंश नाही, की फळी आकसते, बाजू तिला जागा देत नाहीत आणि ती मधोमध चिरते. कोरड्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकटवा. मग पावसात ती थोडी फुगेल, फुगलेली चालते, आकसलेली चालत नाही. तुम्ही पुण्या-मुंबईच्या लोकांचे व्हिडिओ बघून करत असाल तर हे त्यांच्या लक्षात येणार नाही, त्यांची हवा वेगळी. आणि उन्हात उभ्या गाडीत युकुलेली ठेवायची नाही, पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो आणि पूल सरकतो.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलायला हवं. भावाने मारला तो फर्निचरचा थर होता, वाद्यं बनवणारे पीयू त्याच्या कितीतरी पातळ मारतात आणि तो वाईट वाजत नाही. दोन बॉडी एका फळीच्या असल्या तरी तंतोतंत सारख्या नसतात, हेही खरं. लाखेवर गरम चहाचा कप ठेवला तर डाग पडतो, सॅनिटायझर सांडलं तर थर विरघळतो, आणि ज्याच्या हाताला फार घाम येतो त्याच्या युकुलेलीच्या मानेवरची, म्हणजे हातात धरायच्या दांडीवरची, लाख उडते. त्यामुळे मानेला मी स्वतःही लाख लावत नाही, तिथे टंग ऑइल (तुंग झाडाच्या बियांचं तेल) चोळते, हात छान सरकतो. लहान मुलाला शाळेत न्यायला द्यायची असेल तर मागच्या बाजूला पीयू मारलात तरी मी भांडणार नाही, पण पुढच्या फळीवर नाही. आणि मारायचाच असेल तर स्वतः रुमाल बांधून मारू नका, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, योग्य फिल्टरचा मास्क असलेल्या माणसाकडूनच मारून घ्या.

त्या सुताराला परत विचारायला जाणार असाल तर 'युकुलेली बनवाल का' असं विचारू नका, तो परत नाहीच म्हणेल. फळी दोन मिमीवर रंधून द्याल का, एवढंच विचारा, बाकीचं घरी होतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फळ्यांपैकी डावीकडची आहे तिच्या रेषा सरळ दिसतायत, पुढची बाजू तिच्यातून काढा, गाठ असलेली मागे लावा. तारा फ्लोरोकार्बनच्या, आणि स्टीलच्या कोणी कितीही सांगितलं तरी लावू नका, पूल उपटून येईल.