जपानमध्ये अडलेले घास: वाचकांचे प्रश्न

जपानमध्ये नव्याने राहायला गेलेल्या वाचकांचे काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. सुशी-रामेनबद्दल कुणीच विचारलेलं नाही. गाडी अडते ती कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात.

प्रश्न : पौष्टिक म्हणून नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) आणलं, गरम भातावर घातलं आणि पहिल्याच घासाला उठावं लागलं. वास सोसत नाही आणि तारही. काही उपाय? पुढच्या महिन्यात सासरे येताहेत. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांना चालेल का?
– वाचक, निशी-कासाई, टोकियो

आधी सासऱ्यांचं. गोळी वॉरफरिन असेल तर नात्तो चमचाभरही नको. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते नेमकं या गोळीच्या विरुद्ध काम करतं. शिवाय नात्तोतले जीवाणू आतड्यात गेल्यावरही के तयार करत राहतात, त्यामुळे एकदा खाल्लं तरी परिणाम काही दिवस टिकतो. रक्त पातळ करणाऱ्या सगळ्याच गोळ्यांना हे पथ्य नसतं. ते निघण्याआधी गोळीचं नाव डॉक्टरांना सांगून विचारून घ्या.

आता तुमचं. चूक गरम भाताची आहे. नात्तोचा वास उष्णतेने उसळतो. पहिल्यांदा खाताना भात कोमट हवा आणि नात्तो थेट फ्रिजमधलं. त्याहून सोपी सुरुवात म्हणजे कन्व्हीनियन्स स्टोअरमधली नात्तो-माकी. व्हिनेगर लावलेला थंड भात आणि वरून नोरी (समुद्री शेवाळाचा पातळ कागद), त्यामुळे वास बराच दबतो. घरी आणायचं तर ‘हिकिवारी’ म्हणजे भरडलेल्या दाण्यांचं घ्या. दाणा दाताखाली अंगावर येत नाही आणि मिसळतंही छान.

डबी उघडली की वरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा मधोमध धरून, पिरगाळत उचला, म्हणजे तारा बोटांना लागत नाहीत. आधी नुसतं नात्तो 30-40 वेळा घोटा. सॉसची पुडी (तारे) त्यानंतर. ती आधी ओतली तर सगळं पाणचट होतं आणि नीट फेसाळत नाही. मग पुडीतली मोहरी (काराशी) आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. पात सढळ हाताने घाला, इथे खरं काम तीच करते. शाकाहारी असाल तर सॉसची पुडी टाकून द्या, त्यात बहुधा माशाचा अर्क असतो. त्याऐवजी अर्धा चमचा सोया सॉस पुरतो. वरून फोडणी द्यावीशी वाटलीच तर ती पूर्ण गार करून.

तारीख पाहून ताजं घ्या. जुनं होत गेलं की अमोनियाचा भपका येतो आणि दाण्यांवर पांढरे कण धरतात. ते टायरोसिनचे खडे, अपायकारक नसतात, पण वाळू चावल्यासारखं लागतं. वाटी घासण्याआधी पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर घासणीच बुळबुळीत होऊन बसते.

आणि एवढं करूनही नाही आवडलं तर सोडून द्या. ओसाका-क्योतोकडचे कितीतरी जपानी लोकही नात्तोला हात लावत नाहीत.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. ‘बेजितारियन देसु’ असं सांगून भाज्यांचा उदोन (गव्हाच्या जाड शेवया) मागवला, तरी मासळीचा वास आला. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) सूपचंही तेच. बाहेर नेमकं काय खावं आणि घरी काय करावं?
– वाचक, कावासाकी

‘बेजितारियन’ म्हटल्यावर बऱ्याच ठिकाणी मांसाचे तुकडे काढतात, रस्सा तोच राहतो. हा रस्सा म्हणजे दाशी. नेहमीची दाशी कात्सुओ (बोनिटो) मासा वाळवून, धुरी देऊन काढलेल्या कातळ्यांची असते. उदोनचा रस्सा, सोबा शेवया बुडवून खायचं पाणी, आगेदाशी टोफू, इनारीचं गोडसर टोफूचं पाकीट, तामागोयाकी, ताकोयाकीचं पीठ, सगळीकडे ती असते. उकडलेल्या पालकावरही कातळ्या भुरभुरतात. म्हणून प्रश्नच नेमका विचारा : ‘कात्सुओ-दाशी हाइत्ते इमासु का?’ म्हणजे यात कात्सुओची दाशी आहे का.

दुकानात लेबल वाचताना एक फसगत ठरलेली. ॲलर्जीच्या चौकटीत अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा दिसतात आणि तिथे मासा नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. पण कात्सुओ त्या यादीतच नाही. घटकांची पूर्ण यादी वाचा. का-त्सु-ओ ही तीन हिरागाना अक्षरं पाठ करा आणि बाकीच्यासाठी मोबाइलचा कॅमेरा वापरा. कात्सुओखेरीज ‘ग्योकाई’ (मासळी), ‘पोकु एकिसु’ (डुकराचा अर्क), ‘रादो’ (डुकराची चरबी) आणि ‘झेराचिन’ (जिलेटिन) शोधा. करीच्या वड्यांवर नुसत्या भाज्यांचं चित्र असलं तरी आत बहुतेक वेळा प्राणिज चरबी निघते.

बाहेर त्यातल्या त्यात निर्धोक म्हणजे काकडीची कप्पा-माकी आणि साधी मिठाची ओनिगिरी (भाताचा गोळा). बौद्ध मंदिरांमधलं शोजिन र्योरी हे जेवण मुळातच मांस-मासळीविना असतं, वाकायामातल्या कोयासानला मठात मुक्काम केला तर तेच ताट मिळतं. परंपरेने त्यात कांदा-लसूणही वर्ज्य, तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय होते. कंद मात्र भरपूर असतात, त्यामुळे जैन ताटाला ते चालणार नाही.

घरच्या दाशीला लागतं 1 लिटर पाणी, 10 ग्रॅम कोम्बू (सुकं समुद्री शेवाळ) आणि 4 सुके शिताके (अळंबी). कोम्बू ओल्या फडक्याने हलकेच पुसा, धुऊ नका. वरची पांढरी भुकटी म्हणजे बुरशी नव्हे, चव तिच्यातही आहे. दोन्ही थंड पाण्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाईत गरम पाण्यात भिजवले तर शिताके कडवट उतरतात. सकाळी मंद आचेवर ठेवा आणि भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की कोम्बू काढून घ्या. तो उकळला तर पाणी चिकट आणि उग्र होतं. मग शिताकेसकट एक उकळी काढून गाळा. चवीची भीती नको : 1908 साली किकुनाए इकेदा यांनी ‘उमामी’ ओळखली ती कोम्बूच्याच दाशीतून, आणि शिताकेच्या जोडीने ती कितीतरी पटींनी खुलते. फ्रिजमध्ये 2-3 दिवस टिकते.

चौघांच्या सूपला 600 मिलिलिटर दाशी आणि साधारण 3 मोठे चमचे मिसो. आधी टोफू-भाज्या शिजवा, गॅस बंद करा, मग मिसो गाळणीत घेऊन विरघळवा. मिसो घालून उकळलं की वास उडून जातो आणि नुसता खारटपणा उरतो. डब्यावर ‘दाशी-इरी’ (दाशी घातलेला) लिहिलं असेल तर तो घेऊ नका. सोयाबीन, तांदूळ, मीठ एवढेच घटक असलेला मिसो शोधा.

प्रश्न : कोन्याकूची लादी पनीरसारखी परतली. रबर लागलं, चव शिरली नाही आणि शाकाहारी असूनही मासळीसारखा वास. खराब निघाली का?
– वाचक, नागोया

खराब नाही, तो वास चुन्याचा प्रताप. कोन्याकू सुरणाच्याच कुळातल्या कंदाचं. तोही कच्चा असताना भयंकर खाजरा. आपण सुरणाला चिंच-कोकम लावतो, तिथे कंदाच्या पिठात चुन्याची निवळी घालून ते घट्ट करतात. करडे ठिपके हिजिकी या शेवाळाचे.

लादी सुरीने कापू नका. चमच्याने किंवा हाताने तोडा, खडबडीत कडांत मसाला धरतो. 250 ग्रॅमच्या लादीला 1 चमचा मीठ चोळून 5 मिनिटं ठेवा, धुवा, 2-3 मिनिटं उकळून निथळा. आता महत्त्वाचं : तेल न घालता कोरड्या कढईत परता. पाणी आटत येईल तसा तुकड्यांचा कुईं-कुईं आवाज येतो, तो येईपर्यंत थांबायचं. त्यानंतर तेल, सुकी मिरची, 1 मोठा चमचा सोया सॉस, तेवढंच मिरिन (स्वयंपाकाची गोडसर तांदळाची वाइन). आधीच तेल घातलं की पाणी आत कोंडतं आणि चव बाहेरच राहते. फ्रीजरमध्ये ठेवू नका, दोरखंड होतो. छोट्या कपातली कोन्याकू जेली मात्र लहान मुलांना आणि वृद्धांना देऊच नका. ती तोंडात विरघळत नाही, आणि घशात अडकून मृत्यू झालेले आहेत.

प्रश्न : सातोइमो सोलताना हात खाजून लाल झाले. अरवीच ना ही?
– वाचक, सैतामा

अळूचाच कंद. आधी सालासकट 10-15 मिनिटं उकडा, साल हाताने निघते आणि खाज सुटत नाही. कच्चेच सोलायचे तर कंद आणि हात दोन्ही पूर्ण कोरडे ठेवा. खाज सुटलीच तर पाणी मिसळलेलं व्हिनेगर चोळून धुवा. किसून खायच्या नागाइमो या कंदाने खाज सुटली तरी हाच उपाय.

प्रश्न : इथे सगळे भातावर कच्चं अंडं घालतात. आपण खावं का?
– वाचक, फुकुओका

जपानमध्ये अंडी धुऊन, तपासून विकतात आणि पाकिटावरची तारीख कच्चं खाण्यासाठीचीच असते. ती उलटली तर अंडं फेकू नका, पूर्ण शिजवून खा. फ्रिजमध्ये 10 अंशांखाली ठेवा, तडा गेलेलं कच्चं घेऊ नका, फोडल्यावर लगेच खा. गर्भवती, अगदी लहान मुलं आणि वृद्धांनी टाळावं.

नात्तोच्या उलट, इथे भात कुकरमधून नुकता काढलेला, वाफाळता हवा. आधी फक्त पांढरं घालून भात फेसाळेपर्यंत ढवळा, मग वर पिवळा बलक आणि 1 छोटा चमचा सोया सॉस. सगळं एकदम ओतून कोमट भातात कालवलं की शेंबडासारखं लागतं आणि माणूस कायमचा दुरावतो. सुट्टीत भारतात आल्यावर मात्र हा प्रयोग नको. आपल्याकडे नेहमीच्या बाजारातली अंडी कच्ची खायच्या हिशेबाने विकलेली नसतात.