बाबाचा तारा आणि पावसाळा

प्रश्न : ताई नमस्कार, मी २७ वर्षांची आहे, शाळेत चित्रकला शिकवते. मार्चमध्ये माझा दादा हायवेवर बाईकच्या अपघातात गेला. मागे वहिनी, सहा वर्षांचा भाचा आणि चौदा वर्षांची भाची. भाच्याला समजावं म्हणून मी चित्रांची एक वही केली, त्यात दादाला पंख, पांढरे कपडे, ढगावर बसलाय आणि शेवटच्या पानावर तो तारा झालाय असं दाखवलं. पोराला वही इतकी आवडली की रोज रात्री गच्चीवर जाऊन बाबाला गुड नाईट म्हणायचा. जूनमध्ये पाऊस लागला, आठ दिवस आभाळ भरलेलं, एक तारा नाही, आणि तो रात्रभर रडला की बाबा आता तिथूनपण गेला. रडता रडता म्हणाला, मीच फोन केला होता ना लवकर ये म्हणून. मी हादरलेच. भाची तर वही हातातच घेत नाही, म्हणते हे बाळांचं आहे. माझं काढायचं चुकलं का? आता काय काढू?
– एक आत्या, सातारा

उत्तर : अगं, आधी हे ऐक, तू सख्खा भाऊ गमावलायस आणि त्यातही रंग घेऊन बसलीस त्या पोरासाठी, तेव्हा स्वतःला दोष देणं पहिलं थांबव. पण वहीचं विचारलंयस तर खरं सांगते, तारा नको होता. म्हणजे मोठ्या माणसाला तारा चालतो, आपल्याला माहीत असतं की ते बोलण्यातलं आहे. सहा वर्षांच्या मुलाला ते बोलण्यातलं वाटत नाही, त्याच्यासाठी तो पत्ता असतो. आणि पावसाळ्यात पत्त्यावर कोणी सापडलं नाही की तो बाबाला दुसऱ्यांदा गमावतो, तुझ्याकडे झालं ते हेच.

माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला सांगितलं बाबा गावाला गेलेत. मी कितीतरी दिवस शाळेतून येताना एसटी स्टँडवर थांबायची, गावाकडची गाडी लागली की उतरणारी माणसं बघायची. कोणी वाईट हेतूने सांगितलं नव्हतं, सगळ्यांचा जीव तुटत होता माझ्यासाठी. पण मुलांसाठी चित्रं काढायला लागल्यावर मी एक गोष्ट पक्की धरली ती त्या स्टँडमुळेच, की गेलेला माणूस कुठे गेला ते मी काढत नाही. काय झालं ते काढते, आणि आता घरात कोण कोण आहे ते काढते. देवाघरी गेला, झोपला, लांब गेला हे सगळं मुलं शब्दशः घेतात. झोपला म्हटलं तर स्वतः झोपायला घाबरतात. मेलेला माणूस परत येत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही, हे बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वयात उमजायला लागतं, म्हणजे तुझा भाचा अगदी त्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याला सरळ वाक्य दे. बाबाचा अपघात झाला, शरीराला खूप लागलं, डॉक्टरांनी प्रयत्न केले पण शरीर काम करायचं थांबलं, बाबा मेला. लिहिताना हात थरथरेल तुझा, तरी लिही. रक्त, मोडलेली गाडी काढायची गरज नाही, कोपऱ्यात हेल्मेट ठेवलेलं काढलंस तरी त्याला कळेल.

आणि सगळ्यात आधी फोनचं पान काढ, बाकीची वही महिन्याने झाली तरी चालेल. या वयाच्या मुलांना वाटतं की आपण बोललो, आपण रागावलो, आपण हट्ट केला म्हणून असं झालं, आणि ते कोणाला सांगत नाहीत, तुझ्या भाच्याने सांगितलं हे फार चांगलं झालं. एका बाजूला फोन कानाला लावलेला मुलगा, समोरच्या पानावर फोनवर हसणारा बाबा, खाली मोठ्या अक्षरात, तू फोन केलास म्हणून अपघात झाला नाही. तू बोलावलंस ते बाबाला आवडायचं. बस. हे पान त्याला एकदा वाचून भागणार नाही, पन्नासदा वाचायला लागेल. प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे वाच.

आपल्याकडच्या मुलांसाठी काढताना अजून एक अडचण येते. बाहेरून आलेल्या अशा पुस्तकांत कबर, फुलं, काळे कोट असतात, आपल्या पोरांनी बघितलेलं असतं काही वेगळंच. दारात शिंक्यातलं मडकं, दहाव्याला कावळ्याची वाट बघत थांबलेली मोठी माणसं, भिंतीवरच्या फोटोला हार, आणि तेराव्यानंतर एकदम रिकामं झालेलं घर. कावळा शिवला नाही म्हणून मोठे काळजीत पडतात तेव्हा मुलाला काय वाटत असेल याचा विचार आपण करत नाही. काढ ते सगळं. त्याने जे पाहिलं ते पानावर आलं की त्याला विचारायला जागा मिळते. बाबाची चप्पल काढ, किल्ल्या लटकवायचा खिळा काढ, ताटं मांडताना चुकून जास्त मांडलं गेलेलं ताट काढ.

वहिनीला काढताना सांभाळ. वडील गेल्यावर मुलांना दिसतं की आईच्या हातातल्या बांगड्या गेल्या, कपाळ मोकळं झालं, म्हणजे एकाच आठवड्यात आईचाही चेहरा बदलला, आणि हा धक्का मोठा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला, मग राज्य सरकारनेही त्याच महिन्यात तसं परिपत्रक काढलं, तेव्हा हे मी फक्त माझ्या मनाचं बोलत नाहीये. वहिनीला विचार तिला कसं दिसायचंय, आणि तिची हरकत नसेल तर टिकली, बांगड्या, नेहमीची साडी किंवा ड्रेस, जशी होती तशीच काढ. मुलाला कळलं पाहिजे की आई आहे, तीच आहे.

एका पानावर बाबाचं चित्र अर्धवट ठेव. हे मी जादुपटुआ चित्रकारांकडून घेतलंय, झारखंड आणि बंगालमधले हे लोक संथाळ आदिवासींच्या वस्त्यांमध्ये कोणी वारलं की त्या घरी मृताचं चित्र घेऊन जातात, पण डोळ्यांतली बाहुली काढलेली नसते. घरच्यांनी दान दिलं की मग चित्रकार त्यांच्यासमोर बाहुली भरतो, म्हणजे गेलेल्या माणसाला पुढची वाट दिसावी, चक्षुदान म्हणतात त्याला. त्यामागची श्रद्धा मुलाला सांगायची नाही, पुन्हा पत्त्याचा गोंधळ होईल. पण घरच्यांच्या समोर पूर्ण होणारं चित्र ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तू फक्त बाह्यरेषा काढ, शर्टाचा रंग, मिशी, चष्मा त्याला भरू दे. काळा फासला तर घाबरू नकोस, काळा त्याला आवडत असेल किंवा तोच खडू हाताशी असेल. छान काढलंस असंही म्हणू नकोस, यात काय चाललंय मला सांग ना, एवढंच विचार आणि गप्प बस. पाच मिनिटं रडेल आणि सहाव्या मिनिटाला बॅट घेऊन पळेल, मुलांचं दुःख असंच येतं जातं, त्याला काही वाटत नाही असं समजू नका.

वही कशी करायची ते तुला माहीत आहेच, चार ए-फोर कागद मधे दुमडून शिवले की सोळा पानं होतात, कागद जाड कार्ट्रिज घे आणि लॅमिनेशन अजिबात करू नकोस, त्यावर खडू चालत नाही. आणि जुनी वही काढून घेऊ नकोस त्याच्याकडून. सांग की आत्याने तारा काढला कारण आत्याला बाबाची आठवण येत होती, खरा बाबा ताऱ्यात नाहीये.

सेसमी स्ट्रीट या अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार हूपरचं काम करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरमध्ये वारले. कार्यक्रमवाल्यांनी त्यांच्या जागी दुसरा नट घेतला नाही, हूपर कुठे राहायला गेला असंही दाखवलं नाही. नोव्हेंबर १९८३ च्या भागात बिग बर्ड, म्हणजे त्या कार्यक्रमातला मोठा पिवळा पक्षी, सगळ्या मित्रांची चित्रं काढून वाटत असतो, हूपरचंही असतं हातात, आणि मोठी माणसं त्याला सांगतात की हूपर मेला, तो परत येणार नाही. चित्र मात्र राहतं, तो ते आपल्या घरट्यापाशी लावतो. तुझ्या भाच्याच्या वहीतलं शेवटचं पान मला असं आवडेल, ताऱ्याच्या जागी घरातली एक भिंत, आणि तिच्यावर त्याने काढलेला बाबा.

भाचीचं बरोबर आहे, हे बाळांचंच आहे. चौदाव्या वर्षी मरण कळतं, पण घरात कोणी तिला विचारत नाही कारण सगळे धाकट्याला सांभाळण्यात आणि आईला जपण्यात. वरून तिलाच सांगतात की आता तू मोठी आहेस. तिच्यासाठी तू काढू नकोस, तिच्यासोबत काढ. साधी कोरी वही, एका पानावर तू तुझ्या दादाची आठवण काढायची, दुसऱ्यावर ती, न बोलता वही एकमेकींच्या उशाशी ठेवायची. तू भांडणं काढ दादाशी झालेली, मग तिलाही कळेल की राग चालतो इथे. बाबाचा नंबर अजून फोनमध्ये आहे, डीपी तोच आहे, मैत्रिणी वडिलांबद्दल कुरकुर करतात तेव्हा पोटात कसं होतं, हे ती हळूहळू काढेल किंवा नुसतं लिहील. नाही काढलं तरी वही तिथे असू दे.

पण दोघांपैकी कोणी मला बाबाकडे जायचंय असं म्हणायला लागलं, किंवा खाणंपिणं, झोप, शाळा सुटतच चालली तर वहीवर विसंबू नकोस, समुपदेशकाकडे ने. सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि तो तुझ्यासाठीपण आहे गं.

प्रश्न : मी चौथीच्या वर्गाला शिकवतो. वर्गातल्या एका मुलाची आई वारली, सोमवारी तो शाळेत येतोय. मुलं त्याच्यासाठी ग्रीटिंग बनवायचं म्हणताहेत. बनवू द्यावं का?
– एक शिक्षक, परभणी

उत्तर : सर, जरूर बनवू द्या, पण हार, दिवा, देवाघरची आई असलं काही फळ्यावर काढून देऊ नका, मुलं तेच उतरवतील. त्यांना सांगा की तुम्ही त्याच्यासोबत काय काय करता ते काढा. डबा, क्रिकेट, सायकल, पाण्याच्या टाकीजवळची मस्ती. सगळी चित्रं एका पाकिटात घाला, सगळ्यांसमोर त्याला उभं करून देऊ नका, जाताना दप्तरात ठेवायला द्या, घरी उघडेल नाहीतर नाही उघडणार. पुढे कधी तासाला माझी आई हा विषय आला तर त्याला आधी बाजूला घेऊन विचारा, काही मुलांना काढायचंच असतं आणि आपण परस्पर त्यांना वगळतो. आणि सोमवारी त्याचा बाक बदलू नका, शेजारी जो बसायचा त्यालाच बसू द्या.