शाडूचा गणपती आणि पहिली एअरब्रश

प्रश्न : ताई, गेली चार वर्षं घरचा गणपती मी स्वतःच शाडूचा करतो, रंग ब्रशने देतो. यंदा पेणला एका कारखान्यात गेलो तर तिथे गालावर, सोंडेवर, पितांबराच्या चुण्यांवर गनने असलं मऊ शेडिंग करत होते की बघतच राहिलो. आल्या आल्या तसलीच हवेने रंग फवारणारी गन, म्हणजे एअरब्रश, ऑनलाइन मागवली, ०.३ नॉझलची (रंग बाहेर पडतो ते भोक ०.३ मिलीमीटरचं). पण रंग एक तर येतच नाही नाहीतर एकदम थुंकल्यासारखा येतो. गन खराब आली का? आणि गाडीच्या टायरात हवा भरायचा छोटा पंप आहे, तो लावला तर चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गन खराब असेल असं मला वाटत नाही, दहातल्या नऊ वेळा रंग घट्ट असतो. ट्यूबमधला किंवा बाटलीतला ॲक्रेलिक सरळ गनच्या कपात ओतलात ना? खरं सांगा. तो दुधाएवढा पातळ पाहिजे, म्हणजे कपाच्या कडेला लावला की दुधासारखा ओघळून खाली यायला हवा, नुसता चिकटून बसला तर अजून पाणी किंवा त्या रंगाचं मिडियम (पातळ करायचं द्रव) घाला आणि बारीक जाळीच्या कापडातून गाळून घ्या, कारण ०.३ मिलीमीटरच्या भोकात वाळलेल्या रंगाचा एक कण अडकला तरी खेळ खल्लास. कपात बुडबुडे येत असतील तर नॉझल तुंबलंय किंवा नीट बसलेलं नाही असं समजा.

थुंकण्याचं कारण बहुतेक बोटात आहे. तुमची गन डबल ॲक्शन, म्हणजे एकाच ट्रिगरने हवा आणि रंग वेगवेगळे सोडणारी, असेल तर ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. आधी हवा, हात हलायला लागला की मग रंग, आणि थांबताना आधी ट्रिगर पुढे नेऊन रंग बंद, हवा सगळ्यात शेवटी. आपण सगळे उलटं करतो, रंग चालू असतानाच बोट उचलतो, मग नीडलच्या, म्हणजे नॉझलमधल्या सुईच्या, टोकावर थेंब राहतो आणि पुढच्या वेळी तोच थेंब बाप्पाच्या गालावर. माझ्या पहिल्या मूर्तीच्या सोंडेवर असाच एक निळा ठिपका पडला होता, तो झाकायला शेवटी तिथे नक्षी काढली आणि सगळ्यांनी नेमकं त्या नक्षीचंच कौतुक केलं!

म्हणून आठवडाभर मूर्तीला हात लावू नका. कपात पाणी आणि शाईचे चार थेंब घालून जुन्या पेपरवर ठिपके, मग रेघा, मग गडद ते फिकट असे पट्टे मारा. बारीक रेघेला गन दोन-तीन सेंटिमीटरवर, रुंद शेडला दहा-पंधरा. हवेचं प्रेशर १५ ते २० पीएसआयपासून (टायरची हवा मोजतात तेच माप) सुरू करा. रंगाला कोळ्यासारखे पाय फुटले तर रंग फार पातळ आहे, गन फार जवळ आहे किंवा हवा जास्त आहे. भुकटीसारखा खरखरीत बसला तर लांबून मारताय.

टायरचा पंप नको. त्याची हवा धक्क्याधक्क्याने येते, प्रेशर बारीक कमीजास्त करायला रेग्युलेटर नाही आणि सलग चालवला की तापतो. छोटी टाकी, रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप असलेला कॉम्प्रेसर घ्या. ट्रॅप विसरू नका हं, तुम्ही कोकणात आणि गणपतीचं काम भर पावसात! दमट हवा दाबली की तापते, पुढे पाइपात गार झाली की तिचं पाणी होतं आणि तेच थेंब रंगाबरोबर मूर्तीवर. काम झालं की टाकीखालचा स्क्रू उघडून पाणी काढून टाका, आतून गंजते नाहीतर.

आणखी एक, शाडू कच्ची माती आहे, भाजलेली नाही. एकाच जागी रंगाचा ओला हात मारत बसलात तर माती पाणी पिते आणि डाग पडतात. मूर्ती पूर्ण सुकू द्या, पांढरा बेस द्या, मग हलके हलके हात, प्रत्येक हात वाळला की पुढचा. डोळ्यांची आखणी मात्र यंदा ब्रशनेच करा. मुकुटाचं सोनेरीही ब्रशनेच, त्या रंगातले चमकीचे कण ०.३ मध्ये अडकतात, त्याला ०.५ बरं.

प्रश्न : रुमाल बांधला तर मास्क लागतो का? आणि गन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली तर साफ होते का?
— तोच वाचक, दुसऱ्या दिवशी

उत्तर : रुमालाने काही होत नाही, पाण्याचा रंग असला तरी बारीक तुषार छातीत जातातच. एन ९५ लावा, खिडकी उघडी ठेवा. थिनरचे रंग वापरणार असाल तर एन ९५ पण पुरत नाही, वाफ अडवणारे कार्ट्रिजवाले मास्क मिळतात ते घ्या.

गन बुडवू नका, आतली सील खराब होतात. रंग बदलताना पाणी भरून फवारा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. काम संपलं की नीडल मागून काढून पुसा, टोकाकडे पुसत जा, उलटं नाही. ते टोक एकदा वाकलं की रेघ कायम तिरकी येणार, आणि नवीन नीडल कुरियरने येईपर्यंत चतुर्थी उजाडते. म्हणून आत्ताच एक जास्तीची मागवून ठेवा.